मागच्या खोलीत चार रेघा

३ मार्च, सोमवार

—पिवळ्या भोकात नाही, मावशी. काळ्या. चार काळी भोकं आहेत, त्यातलं कुठलंही.

मी टेबलाखाली. तोंडात टॉर्च. उत्तर देता येईना. भाची फोनवर, फोन खुर्चीवर. "झोपलीस का गं?" म्हणाली. टॉर्च काढून सांगितलं की केबल पिवळ्यातच घातली आहे आणि आता निघत नाही. "तिच्या टोकाची जीभ दाब, मग ओढ. रागाने नको." ओढली. डोकं टेबलाला आपटलं. पण केबल हातात!

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवते. पुढे हसू येईल.

नेट पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीत नाही. मध्ये स्वयंपाकघर, फ्रीज, लोखंडी कपाट आणि वडिलांनी हौसेने बांधलेली दीड फुटी भिंत. फोन घेऊन मागे निघालं की कपाटापाशी रेघा गळायला लागतात. मागच्या खिडकीशी एक उरते. कधी तीही नाही.

शनिवारी नकाशेवाला येतोय. मागच्या खोलीत बसून नकाशे काढणार. "चार-पाच दिवस बघू," म्हणाला. "काम जमलं तर पुढचं बोलू. उगाच तुमची अडचण नको." घरमालकाला त्याने तेरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आणखी वर्षभर त्याच भाड्याच्या जागेत राहणार, की ती सोडणार.

मागच्या खोलीत नेट नसलं तर तो तक्रार करणार नाही. आभार मानेल, खुर्ची जागेवर ठेवेल आणि परत जाईल. तसाच आहे.

म्हणून दुसरा राउटर. पांढरा, दोन शिंगांचा. डब्यातली केबल हातभर. मागची खोली सतरा पावलं. भाचीला मीटिंग होती. "लांब केबल टाकून घे," म्हणाली. "बाकीचं मी असताना. एकटीने हात लावू नकोस. लोक माणूस येणार म्हणून घर रंगवतात, तू वायरी ओढ."

४ मार्च, मंगळवार

वायरवाल्याने भिंतीवर टिचकी मारली. कान लावला. "मॅडम, ही भिंत नाही. तुरुंग आहे."

मोठं ड्रिल आणायला गेला तो दोन तासांनी उगवला. भोक माझ्या बाजूने अगदी सरळ. पलीकडे डब्यांच्या फळीवर निघालं. साखरेच्या डब्याच्या पाठीतून आत, पोटातून बाहेर. ओट्यावर साखरेची बारीक धार.

"घरात कोण कोण असतं?"

मी एकटी.

"मग एवढं नेट कुणाला?"

एक पाहुणे येताहेत, म्हटलं.

"कायमचे?"

बघू, म्हटलं.

"पाहुण्यांसाठी कुणी भिंत फोडत नाही, मॅडम."

मी चहा टाकायला गेले. साखर ओट्यावरचीच घेतली. केबल तपासायची म्हणून त्याने पासवर्ड मागितला. दिला.

छप्पन्न वर्षं पूर्ण. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं साहित्य शिकवलं. मुलांच्या वह्यांतली उद्गारचिन्हं खोडत आले. ही वही कुणी तपासायला मागणार नाही. भिंतीला भोक पडलं!

५ मार्च, बुधवार

एकटीने हात लावला.

नवी केबल काळ्या भोकात, दुसरं टोक दुसऱ्या राउटरच्या काळ्या भोकात, बटण दाबलं. मागच्या खोलीत हिरवे दिवे. एक, दोन, तीन, चार. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

दहा मिनिटांत घरातलं सगळं नेट गेलं. पुढचंही. फोन जोडला जातो, पण पुढे काही उघडत नाही. कॉम्प्युटरवर अडतीस उत्तरपत्रिका तपासायच्या राहिलेल्या, त्या अर्ध्यात गोठल्या. प्रिंटरने कुणीही न सांगता एक कोरा कागद बाहेर काढला.

भाचीला फोन. आधी हसली. पोटभर हसू दिलं. मग तिने समजावलं. प्रत्येक यंत्राला घरात एक क्रमांक लागतो, तो राउटर देतो. आता दोन्ही राउटर क्रमांक देताहेत. शिवाय दोघांचा स्वतःचा क्रमांकही एकच. "एकाच पंगतीत दोघी वाढतायत, मावशी. एकीला दुसरीचं माहीत नाही. कुणाच्या ताटात दोनदा भात, कुणी उपाशी." मोठीने, म्हणजे जुन्या राउटरने, वाढायचं, धाकटीने नुसती ताटं पोचवायची. धाकटीचं वाढणं बंद करायचं.

"उद्या सांगते कसं ते. तोवर धाकटीला उपट."

उपटलं. पेपर परत सुरू झाले.

६ मार्च, गुरुवार

क्रम महत्त्वाचा, असं भाचीने दोनदा बजावलं. कॉम्प्युटर नुसता धाकटीला जोडायचा. आधी तिचा स्वतःचा क्रमांक बदलायचा, शेवटचा एक आहे तो दोन करायचा. मग वाढणं बंद. मग भिंतीतली केबल.

मी वाढणं आधी बंद केलं. ते बटण वर होतं. आता धाकटीचं पानच उघडेना. ती आत, मी बाहेर, मध्ये बंद दार.

यावर उपाय आहे. राउटरच्या पाठीला सुईएवढं छिद्र असतं, त्यात काहीतरी खुपसून दहा सेकंद धरायचं. मग ती सगळं विसरते. टाचणी आखूड पडली. कानातलं काढलं, त्याची दांडी खुपसली. दहा आकडे मोजले. दिवे विझले. दिवे लागले. कोरी पाटी!

"कशाने दाबलंस?" भाची. सांगितलं. मग, "मावशी, तू गेलीस कामातून."

७ मार्च, शुक्रवार

आधी दोन. मग वाढणं बंद. मग केबल. नाव तेच, पासवर्ड तोच.

फोन हातात धरून घरातून चालले. पुढची खोली, चार. स्वयंपाकघर, चार. कपाट, तीन, मी श्वास धरला, परत चार. मागची खोली, चार. मागची खिडकी, चार. कपाटाच्या आत फोन ठेवून दार लावलं, उघडलं. दोन! तिथे कुणी नकाशे काढणार नाही, पण दोन.

सतरा पावलं सहा वेळा. शेवटची फेरी चालत नव्हती. काय होती ते लिहीत नाही.

८ मार्च, शनिवार

आला.

एक बॅग, दोन मॉनिटर, आणि घडीची खुर्ची. स्वतःची खुर्ची! माझ्या खुर्चीवरही भार नको.

कागदावर "तो" लिहिते. तोंडावर अजून "तुम्ही". त्याचंही तेच. दोन वर्षांपूर्वी तो मोजपट्टी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, नकाशात तुमचं घर दोन फूट रस्त्यात आलंय, चूक माझी की घराची ते बघायचंय. चूक त्याची होती. ती दुरुस्त करायला चार वेळा आला.

मागची खोली दाखवली. भिंतीतल्या केबलकडे बघत राहिला. "हे माझ्यासाठी?" मी म्हटलं, नाही, कधीतरी करायचंच होतं. पासवर्ड कागदावर लिहून दिला. त्याने घडी करून पाकिटात ठेवला.

९ मार्च, रविवार

बॅग दाराशी उभी आहे. लागेल तेवढं काढतो, चेन परत लावतो.

१० मार्च, सोमवार

सकाळी नऊला त्याने मागची खोली आतून लोटून घेतली. कामाचं दार लागलंय. माझ्या घरात!

पेपर तपासताना मी बोलते. जुनी खोड. भाची म्हणते, मावशी पेपरांशी भांडते. आजही सुरुवात केली होती. "अरे, हा प्रश्न तरी वाच आधी," असं काहीतरी. मग आठवलं. तो मागे बारीक रेषा काढतोय. तोंडावर हात. दिवसभर गप्प. कप ठेवतानाही खाली रुमाल.

राउटरच्या पानावर एक यादी दिसते, घरात कोण कोण जोडलेलं आहे त्याची. माझा कॉम्प्युटर, माझा फोन, प्रिंटर. त्याचा कॉम्प्युटर. त्याचा फोन. मधूनमधून उघडून बघते. आहे. अजून आहे.

दुपारी यादीत सहावा. कोण? भाची म्हणाली, चोर. मागच्या अंगणात गेले. पलीकडच्या घराशी शिडी लावलेली, शिडीवर वायरवाला, हातात फोन. "मॅडम, रेंज एक नंबर. इथपर्यंत येतेय!"

इतका अभिमान मला पदवीचाही वाटला नव्हता.

एक वाजता तो बाहेर आला. "नेट फार छान आहे. तुम्ही फार त्रास घेतलात." असं आपण हॉटेलातून निघताना म्हणतो.

११ मार्च, मंगळवार

गप्प राहायला जमायला लागलं आहे. फ्रीजचं दार हळू लावते. चपला दारातच काढते.

संध्याकाळी तो अंगणात फोनवर. पलीकडे घरमालक असणार. "हो, हो. परवा नक्की सांगतो... नाही, इथे तशी सोय चांगली आहे. पण कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये ना."

कुणाला? मला? मी तर हसू दाबत फिरतेय घरभर.

यादी उघडली. आहे.

१२ मार्च, बुधवार

आज त्याची मोठी फाइल जायची होती. सगळ्या शहराचा नकाशा, सहाच्या आत. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप!

चार वाजता मागचं दार उघडलं. तो एक मॉनिटर काखेत, कॉम्प्युटर हातात, गळ्यात वायर, असा पुढच्या खोलीत आला. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मांडामांड करायला लागला.

नेट गेलं! धाकटी बसली. आजच. मी काही न बोलता मागे पळाले, टेबलाखाली शिरले. चारही दिवे हिरवे. फोन बघितला. चार रेघा. गुडघ्यांवरची धूळ झटकत परत आले.

"तिकडे चालत नाही का?"

"चालतं. उत्तम चालतं."

"मग?"

तो वायर सोडवत होता. गाठ सुटली.

"सोमवारी सकाळी तुमचा आवाज येत होता. कुणाला तरी झापत होतात. मला बरं वाटलं. मग एकदम बंद झाला. काल फ्रीजचं दारसुद्धा वाजलं नाही. म्हटलं, माझ्यामुळे यांना स्वतःच्या घरात चोरासारखं वावरावं लागतंय."

मी खुर्चीवर बसले.

"ती माझी सवय आहे," म्हटलं. "पेपर तपासताना बोलायची. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"मी चाळीस वर्षं एकटा काम करतोय. शांतता भरपूर आहे माझ्याकडे. ती तिकडेच मिळते, भाड्याने."

त्याने फाइल पाठवायला लावली. चार टक्के. पाच टक्के. मी पुढची उत्तरपत्रिका उघडली आणि मुद्दाम मोठ्याने वाचली. प्रश्न: नायक शेवटपर्यंत गप्प का राहतो? तीन गुण. पोराचं उत्तर एका ओळीचं. कारण त्याला कुणी काही विचारलेलंच नाही.

तो हसला. खूप हसला, चष्मा काढून. मीही. मग दोघं एकदमच थांबलो.

तीनपैकी तीन दिले. लाल आकडा काढून झाल्यावर मान वर न करता म्हटलं,

"राहा ना इथेच."

तो पडद्याकडे बघत होता. "एकसष्ट टक्के," म्हणाला. मग, "फाइल जाऊ दे."

ऐकण्यात चूक झाली नव्हती. फाइल जाऊ दे. मी पुढचे अकरा पेपर तपासले. मोठ्याने. एकाला शाब्बास म्हटलं, एकाला गाढव. त्याने एकदा मध्येच "त्याला अर्धा तरी द्या" अशी शिफारस केली. दिला.

पाच चाळीसला फाइल गेली. तो उठला, चहा टाकला, दोन कप धुतले. उत्तर काही दिलं नाही. फ्रीजचं दार मात्र धाडकन लावलं. मुद्दाम की चुकून, कळलं नाही.

मॉनिटर इथेच आहे, माझ्या टेबलावर. बॅग दाराशी.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी सातला तो बॅग घेऊन गेला. "येतो" एवढंच म्हणाला. साडेनऊला परत आला. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला त्याच्या घरचा राउटर होता. जागा सोडत असल्याचं घरमालकाला सांगितलं, तिकडचं नेट बंद केलं. मग बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली.