लाल ठोकळा

मंगळवार, दिवेलागणीला

नख तुटलंय, तरी लिहिते.

आज घाटनांदूरला धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण झालं आणि मी इथंच. हे पाटोद्याला सोसायटीच्या मीटिंगला गेले. जाताना म्हणाले, "घर सोडू नको, टँकर कधीबी येईल." दुष्काळ पडल्यापासून हेच चाललंय, टँकरसाठी घरी एक माणूस बांधलेलं. ते माणूस दरवेळी मीच कावून? आणि आजबी टँकर आला न्हाईच!

लेक गौरी दिवसभर मामानं दिलेल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांत रमली होती. एकात एक कट्‌कन बसतात, काढले की त्यांचंच दुसरं काही होतं. आमी लहानपणी ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करायचो, पण त्या मोडल्या की मोडल्या. ठोकळ्यांचा हेवा वाटला का मला? वाटला.

तिनं घर बांधलं. ठोकळ्यांचीच माणसं: पप्पा गाडीवर, ती स्वतः झाडाखाली, पाण्याच्या ड्रमापाशी एक लाल ठोकळा.

"ही कोण गं?"

"तू."

"मग मला मावशीकडं ने की," म्हणत मी तो उचलायला गेले. निघेना. नखानं न्हाई, दातानंबी न्हाई.

"मम्मी, ओढू नको," गौरी म्हणाली. "तिला मी लई दाबून बसवलंय. ती गेली तर पाणी कोण भरंल?"