मुल्हेरच्या स्टँडवरून परत फिरलो त्याबद्दल

तीर्थस्वरूप सखुबाई अक्कास, लिंबायतहून धाकट्या वाल्मिकचा सुरतच्या घामासकट नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की नुसते शेजारणींना दाखवतेस? इकडे सगळं बरं आहे. तुझी भाची मयुरी कॉलेजात जाते, घरात गुजरातीत भांडते आणि भाकरी मात्र मराठीत मागते.

तू माझ्यावर चिडली आहेस हे तिच्याकडूनच कळलं. मुल्हेरच्या स्टँडपर्यंत आलो आणि चार किलोमीटरवरच्या बहिणीकडे घोटभर पाणी न पिता परत गेलो, अशा भावाला गावात काय म्हणतात ते तू तिला फोनवर सांगितलंस आणि तिनं ते मला जसंच्या तसं ऐकवलं. (हे शब्द तिच्या कॉलेजात शिकवत नाहीत.) तेव्हा खुलासा करतो. मला चिंधाची माफी मागायची होती. अकरा वर्षं मागायची होती. त्यापायी हे सगळं रामायण झालं.

चिंधा आणि मी एकाच लूमच्या खात्यात सव्वीस वर्षं काढली हे तुला ठाऊक आहे. यंदा त्यानं आपणहून काम सोडलं आणि कायमचं गावी जायचं ठरवलं. म्हणाला, आजवर रात्रीच्या बसनं घोरत घाट ओलांडला, आता एकदा डोळे उघडे ठेवून जायचं. म्हणून त्याची जुनी स्कूटर काढली. चालवणारा तो, मागं मी, दोघांच्या मध्ये त्याची वळकटी आणि माझ्या मांडीवर त्याचा पाच लिटरचा कुकर. बारडोली, व्यारा, मग डांगचं सागाचं जंगल. निघताना मयुरीनं सांगितलं होतं की तिकडचे सगळे डोंगर ज्वालामुखीचे आहेत, आतला रस थरावर थर सांडून गोठलाय. खरंच अक्का, पुढे ते काळे कडे बघितले तर खात्यातल्या कापडाच्या ताक्यांची थप्पी रचावी तसे दिसतात. जन्म तिथं काढून आपण कधी मान वर करून बघितलं नाही. चिंधानं भर दुपारी स्कूटर थांबवून एका काळ्या खडकावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "आजून गरम शे." लाखो वर्षांची आग विझली नाही म्हणून त्यानं खडकावर बसायचंही नाकारलं. उन्हाचं मी बोललोच नाही.

आहव्याच्या पुढे रस्ता चुकला. मी मागून "डावीकडे" म्हणायचं आणि त्यानं सरळ जायचं. एकदा तर एका डांगी माणसाच्या अंगणात, त्याच्या कोंबड्यांच्या मधोमध जाऊन थांबलो. मला वाटलं, गडी कायमचा चाललाय, मनातून रुसलाय. म्हटलं आता नाही बोललो तर कधीच नाही. आणि पाठीमागं बसून बोलणं सोपं असतं, तोंड दिसत नाही.

म्हणून सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी शेठला खात्यात नवा मास्तर नेमायचा होता. काम चिंधाचंच सरस होतं. मास्तराला नुसत्या आवाजावरून कळावं लागतं की कुठला लूम बिघडतोय, आणि चिंधाला तिसऱ्या रांगेतला ढिला स्क्रू ऐकू यायचा. शेठनं मला खाजगीत विचारलं. मी म्हणालो, हात चांगला आहे, पण त्याला ऐकायला कमी येतं. धडधडीत खोटं. मास्तर मी झालो. तू तेव्हा गावात पेढे वाटलेस, ते त्याचे होते अक्का.

हे मी कुकर पोटाशी धरून घाटभर बोलत होतो आणि चिंधा दर वाक्याला मान हलवत होता. माझे डोळे भरून आले. किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं. (रस्त्यात खड्डे होते हे नंतर ध्यानात आलं.)

वर पोचल्यावर समोर साल्हेर उभा. चिंधा माझ्याकडे पाठ करून बघत राहिला. मी विचारलं, केलंस ना माफ? पुन्हा विचारलं. मग त्याच्या पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाला, "काय म्हनस? तू मांगे बशीसन काही बोलत व्हता का? माले वाटनं वारा शे."

तीन वर्षं झाली म्हणे. दोन्ही कान गेलेत. लूमच्या खडखडाटात आम्ही सगळेच ओठ वाचतो आणि हातांनी बोलतो, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मास्तर म्हणून मला कळायला हवं होतं. कोणी बोट दाखवायच्या आत आपण निघालेलं बरं, म्हणून तो निघाला होता. माझी जीभच त्याला लागली असं वाटलं, आणि आजही वाटतं.

मग खुणेनं सांगायला गेलो. आमच्याकडे सूत तुटल्याची खूण आहे, शेठ आल्याची आहे, चहाची आहे. माफीची नाही. मी छातीला हात लावला, कानाला लावला, त्याच्यापुढे वाकलो. त्यानं मला पित्त झालंय समजून पाण्याची बाटली दिली आणि पाठ चोळली.

ठरवलं, मुल्हेरला पोचल्यावर समोर उभं राहून सांगायचं, ओठ वाचेल. स्टँडवर उतरलो, तोंड उघडलं, आणि नेमका मागच्या बाजूला सुरतच्या बसचा हॉर्न वाजला. चिंधाला खुणेनं तसं सांगितलं, कुकर त्याच्या हातात दिला आणि पळालो. तुझ्याकडे न येण्याचं कारण एवढंच. राग सोड.

तुझा, मास्तर न म्हटलेलं बरं असा,
वाल्मिक

ता.क. चिंधा आता तुझ्याच गल्लीत पुतण्याकडे राहतो. हे पत्र त्याच्या हातात दे. वाचायला त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तो वाचत असेल तेव्हा तोंडाकडे बघत बसू नकोस, चूल बघ.

ता.क. दुसरा. चिंधा, हॉर्न वाजला नव्हता. बस पाऊण तासानं आली. तोवर मी रसवंतीच्या मागं लपलो होतो.