अर्धा सूर वर

४ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चष्मा पोचला. आता मला भिंतीवरची कोळिष्टकंसुद्धा दिसायला लागली आहेत, म्हणजे कामच वाढलं. चष्म्याचं दुकान असलेला भाऊ असण्याचे हे तोटे.

बातमी मात्र चांगली नाही. प्रार्थनागृहातली पेटी वाजवणं मी सोडलं. तू देव न मानणारा, हसशील. पण आधी वाचून घे. मनीचा नवरा तिच्यावर हात उचलतो, म्हणून ती माझ्याकडे आली, हे तुला माहीत आहे. इथे मी ते फक्त गुरुजींना सांगितलं होतं, तेही एकांतात, रडत. गेल्या रविवारी प्रवचनात सहनशीलतेचा विषय निघाला आणि त्यांनी एका लेकीची गोष्ट सांगितली. चार थपडांना भिऊन ती माहेरी पळाली म्हणे, आणि आईनं तिला पाठीशी घातलं म्हणे. नाव घेतलं नाही, पण नाव कशाला हवं? सगळ्या माना पेटीकडे वळल्या. मनी माझ्या शेजारी वहीची पानं उलटायला बसली होती. ती उठली नाही, रडली नाही. पान उलटायची वेळ आली तेव्हा तिनं ते उलटलं.

मी शेवटची प्रार्थना वाजवली आणि पेटीची किल्ली कमिटीवरच्या कंपाउंडरांच्या हातात ठेवली. आता घरीसुद्धा देवापुढे बसवत नाही रे. हात जोडले की गुरुजींचाच आवाज कानात येतो. इतकी वर्षं त्यांच्याच तोंडून देव ऐकला, आता दोघांना वेगळं कसं करू? देव गेला तर माझ्याजवळ उरतं काय?

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर माझी हरकत नाही.

तुझी आक्का

९ जून

तीर्थस्वरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. त्या नादात एका गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरचा चष्मा दिला, तो बिचारा माझ्याच पायरीवर अडखळला. मनीला सांग, मामा तिच्या बाजूनं आहे. तिला परत पाठवायचं नाव कोणी काढलं तर गाठ माझ्याशी आहे.

आता तुझं. देवाची नि माझी ओळख नाही, त्यामुळे त्याची वकिली मी करावी म्हणजे गंमतच. पण आई गेली तेव्हा तू दार लावून दिवसभर पेटी वाजवत होतीस. मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होतो. तेव्हा त्या खोलीत कुठले गुरुजी होते? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस, आक्का.

गप्पही बसू नकोस. निवाडा तुझ्या देवाकडे सोपव हवा तर, पण कमिटीला सांग. नाहीतर उद्या आणखी कोणीतरी त्यांच्यापाशी रडायला जाईल.

माझ्या फाटक्या तोंडासकट माझ्यावर माया असू दे.

तुझा ठोंब्या

३० जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. (हे पत्र जपून ठेव, असं मी पुन्हा लिहिणार नाही.) कमिटीपुढे जाऊन सगळं सांगितलं. गुरुजींचं प्रवचन आता बंद, आणि कोणाचं खाजगी ऐकून घेणंही बंद. काहीजण माझ्याशी बोलत नाहीत. काहींना गुरुजींची धिंड काढायची होती. मला दोन्ही नको होतं.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. गुरुजी दुसऱ्या कडव्याला नेहमी अर्धा सूर वर चढतात. मी बोटं गुपचूप एकेक पट्टी पुढे सरकवून त्यांच्यामागे जायची, आणि लोकांना वाटायचं, काय गळा आहे! मी नसताना कंपाउंडरांनी पेटी वाजवली ती नाकासमोर. गुरुजी एकीकडे, पेटी एकीकडे. पोरं फिदीफिदी हसली म्हणे.

मग गेल्या सोमवारी गुरुजी स्वतः दारात आले. चुकलो म्हणाले. मी म्हटलं, हे ऐकायचा मान माझा नाही, आणि मनीला हाक मारली. ओले हात पदराला पुसत ती आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आज काही त्यांना माफ करणं तिला जमणार नाही, जमेल तेव्हा कळवेल. तोवर त्यांनी चारचौघांसारखं शेवटच्या रांगेत बसावं. त्यांनी मान हलवली आणि गेले. दार लावून ती मला म्हणाली, माझा राग जायला वेळ लागेल, पण तोवर देवाला कशाला ताटकळत ठेवतेस?

काल किल्ली परत घेतली. मनी शेजारी बसली. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याला शेवटच्या रांगेतून तोच आवाज आला, अर्धा सूर वर. पुढच्या माना वळू लागल्या, पोरांनी तोंडावर हात धरले. मला काहीच करावं लागणार नव्हतं, बोटं होती तिथे ठेवली की त्यांचं हसं झालंच. खोटं कशाला सांगू, मला तसंच करावंसं वाटलं. मी मनीकडे पाहिलं. ती पानाकडे बघत होती.

बोटं सरकली, ठोंब्या. सगळं प्रार्थनागृह माझ्यामागून अर्धा सूर वर चढलं आणि वळलेल्या माना पुन्हा सरळ झाल्या. राग अजून आहे. पण त्यांचा निवाडा ज्यानं करायचा तो करील, माझ्या हातात फक्त पेटी होती.

घरी येऊन देवापुढे बसले. कानात कोणाचा आवाज आला नाही. फार बरं वाटलं.

लोभ पत्रातून पाठवतोस तसा कधी स्वतः घेऊन ये.

तुझी आक्का

५ जुलै

तीर्थस्वरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दुकानात वाचलं आणि डोळे पुसायला गिऱ्हाइकाचंच फडकं घेतलं.

पुढच्या शनिवारी येतो. रविवारी तुझ्याबरोबर प्रार्थनेला येईन. देव मानायला लागलो असं समजू नकोस, तुझी पेटी ऐकायला येतोय. शेवटच्या रांगेत त्या माणसाच्या शेजारी बसेन, तिथे जागा रिकामीच असेल. माझा गळा तुला ठाऊक आहे, मी अर्धा सूर खाली जातो.

दोघांनाही सांभाळून घे.

तुझा ठोंब्या