येलदरीच्या भिंतीवरची डाळिंबी साडी

५ जानेवारी, सोम.
आज अण्णांचं 'ताडकळसचा बाजार' हे चित्र नेसून शाळेत गेले. हळदी साडी, मिरच्यांच्या ढिगाचा लाल ब्लाउज, हातात काळ्या बांगड्या. काळ्या कशाला, तर चित्राच्या कोपऱ्यात एक काळी छत्री आहे. स्टाफरूममध्ये कुणाला पत्ता लागला नाही. लागायचं कारणही नाही, हा माझा आणि अण्णांचा खेळ.
अण्णा हाडाचे ड्रॉइंगमास्तर. रविवार आला की एसटीने कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी चित्र सांभाळत परतायचे. ते गेल्यापासून त्यांचं एकेक चित्र असं अंगावर घालते. आई म्हणते, येड लागलंय तुला. पण माझ्या निऱ्या तीच खाली बसून नीट करते.

१४ जाने., बुध.
संक्रांत. हळदीकुंकू ठेवलं होतं. आई सकाळपासून तीळ भाजत, लाडू वळत होती. बायका यायला लागल्या तशी आपली राखाडी साडी सावरत आतल्या खोलीत गेली. तिला जा असं कुणी म्हटलं नव्हतं. थांब असंही कुणी म्हटलं नाही.
वाण वाटताना हसत होते, पण आतून नुसता संताप. कुणाचा, ते कळेना.
अण्णा असताना या दिवशी आईला कुंकू लावायला बायकांची रांग असायची.

१८ जाने., रवि.
'येलदरी' हे अण्णांचं चित्र भिंतीवरून काढून त्यावरची धूळ पुसली. आई धरणाच्या भिंतीवर पाठमोरी उभी, वाऱ्याने पदर पार पाण्याच्या बाजूला गेलेला. डाळिंबी साडी, मोरपंखी काठ. मी लहान होते, घरीच राहिले होते. तो फक्त त्या दोघांचा दिवस.
हेच एक चित्र नेसायचं राहिलंय, कारण ती साडी सापडत नाही. ट्रंक, दिवाण, गाठोडी, सगळं पालथं घातलं. आईला विचारलं तर "असंल कुठंतरी" म्हणाली आणि गवार मोडत बसली.
८ फेब्रु.ला चुलतभावाच्या मुलीचं लग्न, जिंतूरला. येलदरी तिथून जवळच. मनात आलं, ही साडी मी नाही, आईनेच नेसावी. लग्नात, सगळ्यांच्या देखत. मग तिला तसंच धरणावर न्यावं.

२१ जाने., बुध.
काकूंना फोन केला. लग्न त्यांच्याच नातीचं. मला वाटत होतं, साडी यांच्याकडेच गेली असणार, आईकडून काहीबाही न्यायची सवय जुनी. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या अंगावर डाळिंबी मी कधी बघितलीच न्हाई." विश्वास बसला नाही. वर म्हणाल्या, लग्नात तिला फिकंच काहीतरी नेसव, पाहुणे लय बोलतेत.
फोन ठेवला आणि नंतर भांडी जरा जोरातच घासली.

२५ जाने., रवि.
परभणी. चित्र चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर. शेजारच्या बाई म्हणाल्या, देव आहे का? हो म्हटलं.
दुकानदार भला माणूस. साडी आणि चित्र दोन्ही घेऊन उन्हात दारात जाऊन उभा राहायचा, मान हलवायचा, परत आत. शेवटी एक बरी जुळली. काठ मोरपंखी नाही, हिरव्याकडे जातो. घेतली.

२७ जाने., मंगळ.
आईच्या पुढ्यात ठेवली. जुनी सापडेना म्हणून तशीच आणली, म्हटलं. लग्नात तू नेसायची.
बराच वेळ काठावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "अगं, ती साडी कधी नव्हतीच. येलदरीला मी शेवाळी सुती नेसले होते, पदराला ठिगळ असलेली. तुझ्या अण्णांनी घरी येऊन रंग भरला. म्हणाले, सध्या चित्रात नेस."
सध्या.
मला रडूच आलं. आई नाही रडली. पुढं साड्या लय घेतल्या त्यांनी, म्हणाली, पण ही राहून गेली. तिने आठवण करून दिली नाही, आणि त्यांना वाटलं असेल, चित्रात दिलीच की.
इतकी वर्षं मी जे शोधत होते ते...
साडी घडी घालून ट्रंकेत ठेवून दिली तिने. लोक काय म्हणतेल, म्हणाली. मी वाद घातला नाही. काकूंवर उगाच संशय घेतला म्हणून मात्र मनातल्या मनात कान पकडले.

२ फेब्रु., सोम.
शाळेतून आले तर आई घरात नाही. एकटी कधी बाहेर पडत नाही, जीव घाबरा झाला. थोड्या वेळाने आली. कोपऱ्यावर फॉल-पिकोवाल्या बाईकडे गेली होती. डाळिंबी साडी घेऊन!
"मोरपंखी दोरा न्हाई म्हणली ती. हिरवा लावायला सांगितलाय."
माझं तोंड बघून लगेच म्हणाली, फॉल लावला म्हणजे नेसणारच असं काही न्हाई.

८ फेब्रु., रवि. जिंतूर
काकूंच्या घरी, माडीवर. आईने आंघोळ करून दार लावून घेतलंय. आत पलंगावर दोन्ही साड्या मीच मांडून ठेवल्यात, राखाडी आणि डाळिंबी. काकू येऊन डोकावल्या, डाळिंबी बघितली आणि खाली गेल्या. खाली जाऊन काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.
मी आज कुठलंच चित्र नेसलेलं नाही. साधी निळी. 'येलदरी' बरोबर आणलंय, चादरीत, भिंतीला टेकवून ठेवलंय. धरणावर जाऊ की नाही, माहीत नाही.
बँड सुरू झाला. लोक हॉलकडे निघाले. आतून बांगडीचाही आवाज नाही. किती वेळ झाला. विचारावं की नको...
आत्ता आईने आतून हाक मारली.
"चित्रात पदर कुठवर हाय गं?"
चादरीची गाठ सुटेना.