यिंगकडे बसायला

सोम., ५ जाने.

सकाळी अण्णांच्या जीपमध्ये पुढं बसून शब्द म्हटले, गोरेगावपासून हिंगोलीपर्यंत. सेनगावला रशीदचाचा चढले. हिंगोलीत बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं, रोजची सवारी. म्हणाले, "बेटी, आज आवाज बारीक क्यूं? कल तो पूरी जीप को चीनी सिखा रही थी." मागच्या बायका हसल्या. अण्णा म्हणाले, "रविवारी तिची पुण्याला परीक्षा हाय चाचा. बोलू द्या तिला."

अण्णांना कुणी विचारलं, "काहून शिकून राहिली तुमची पोरगी ते?" तर ते सांगतात, "तिला आवडते." मलाही यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही. नववीत फवारणीच्या पंपाच्या खोक्यावरची चिनी अक्षरं वहीत उतरवली होती. चित्रं समजून. तिथून सुटलेच नाही.

बुधवारी केमिस्ट्री प्रॅक्टि. जर्नल अर्धं.

यिंगचा आजही मेसेज नाही. दोन वर्षांपूर्वी भाषा शिकायच्या ॲपवर भेटली. तिकडं चीनमध्ये कॉलेजात हिंदी शिकते, म्हणून मी तिला हिंदी सांगते, ती मला चिनी. या आठवड्यात रोज सराव घेते म्हणाली होती.

मंगळ., ६

दिवसभर जर्नल. बोटं शाईनं निळी.

यिंग नाहीच. तीन दिवस झाले. चौथ्या पातळीची परीक्षा, ऐकण्याचा पेपर माझा कच्चा, तिला ठाऊक आहे.

संध्याकाळी लिहून टाकलं: "तुला वेळ नसेल तर तसं सांग. माझी परीक्षा तुझ्यासाठी महत्त्वाची नसेल, माझ्यासाठी आहे." चिनीत, 'जर-तर'ची रचना वापरून. दोनदा तपासलं. एकही चूक नाही. पाठवताना चक्क अभिमान वाटला.

बुध., ७

प्रॅक्टि. बरी गेली. बाहेर येऊन फोन उघडला. यिंगचं उत्तर, तीन शब्द. पापा त्सौ ल. बाबा गेले.

आधी वाटलं, कुठं गेले? कामाला? त्सौ म्हणजे जाणं, पहिल्या महिन्यात शिकलेलं क्रियापद. जिन्यावर दोन पायऱ्या उतरले आणि मग थांबले. आपल्यातही तसंच म्हणतात की. गेले.

माझा कालचा मेसेज त्याच्या बरोबर वर. एकही चूक नसलेला.

परतीच्या जीपमध्ये शब्द म्हटले नाहीत. अण्णांनी एकदा बघितलं. वळणावर मीच सांगितलं. अण्णा म्हणाले, "किती वय व्हतं?" मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत कधी विचारलंच नाही.

गुरु., ८

कॉलेजला दांडी. तूर कापायला मायसोबत रानात. ऊन चढेपर्यंत थंडी होती.

सकाळपासून यिंगला काय लिहावं तेच चाललंय. पुस्तकात अशा वेळचं एक वाक्य आहे, चार अक्षरांचं: दुःख आवरा, झालं ते स्वीकारा. बरोबर आहे, पण वाचलं की चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसतो. मग स्वतःचं लिहिलं. खोडलं. तीन वेळा. रविवारी चित्रं बघून वाक्यं लिहायला निघालेली मी, आणि एक ओळ येईना.

जेवायला बांधावर बसलो तेव्हा मायला विचारलं, "कुणी गेलं तर आपण काय बोलतो गं?"

माय भाकर मोडत म्हणाली, "काय बोलणार? काही न्हाई बोलत. बसायला जातो."

"आणि तिथं जाऊन?"

"बसतो. त्याईच्या संगं. दुसरं काय हाय माणसाच्या हाती?"

हातातल्या काडीनं मातीत 坐 काढलं. त्सुओ, बसणं. खाली माती, वर दोन माणसं शेजारी शेजारी. शंभरदा गिरवलंय. आज त्याच्याकडं बघत राहिले. माय म्हणाली, "हे काय?" सांगितलं. वाकून बघितलं तिनं. "दोघं हायेत व्हय? मंग बराबर हाय."

घरी येऊन यिंगला लिहिलं: "मी तुझ्याकडे बसायला येऊ? बोलावं लागणार नाही."

तासाभरानं उत्तर. लाय बा. म्हणजे, ये बा. आमच्याकडं म्हणतात तसंच.

शुक्र., ९

सकाळी सात. तिच्याकडे साडेनऊ. व्हिडिओ कॉल लावला, फोन फडताळावर टेकवून ठेवला आणि समोर बसले.

यिंग अंगणात बाकावर होती. डोक्याला पांढरं कापड बांधलेलं. मागं माणसं येत-जात होती, कुणी खुर्च्या मांडत होतं. चेहरा ओळखू येईना, इतका उतरलेला. मी काही बोलले नाही. तीही नाही. लय अवघड जातं, सांगते. पहिली पाच मिनिटं जीभ नुसती वळवळत होती. मग थांबली.

माय चहा घेऊन आली. पडद्यावर बघितलं, कप खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "लेकरानं काही खाल्लं का? इचार."

विचारलं. छ्र ल मा, जेवलीस का. पहिल्याच धड्यात शिकलेलं, नमस्कारासारखं म्हणायचं. आज पहिल्यांदा खरोखर विचारलं.

यिंगनं नाही म्हणून मान हलवली. शेजारी कुणीतरी ठेवलेला शेवयांचा वाडगा होता, तसाच.

"खाय म्हण तिला. थोडं तरी खाय म्हण."

म्हटलं. आई म्हणते, असंही म्हटलं. यिंगनं मायकडं बघितलं, वाडगा उचलला. दोन घास. मग रडली. माय पण. मी मधे.

शेवटी मी म्हणाले, मंगळवारचं चुकलं माझं. माफ कर.

तिनं वाडगा खाली ठेवला. मग म्हणाली, "वाक्य बरोबर होतं."

आतून कुणीतरी हाक मारली, ती उठून गेली. कॉल चालूच राहिला, रिकामा बाक दिसत. आम्ही अजून थोडं बसलो.

रागावली आहे का? की नाही? कळलं नाही.

शनि., १०

सकाळच्या एसटीनं पुण्याला. अण्णा हिंगोलीपर्यंत आले. खिडकीतून म्हणाले, "भेऊ नको. नापास झाली तरी भाषा कुठं जाती?"

पुस्तक मांडीवर. फारसं उघडलं नाही. दिवसभर प्रवास. मावसबहीण ज्योतीताईच्या खोलीवर उतरले.

रवि., ११

पेपर झाला. ऐकण्याचा भाग ठीक, तीन-चार प्रश्न अंदाजे. वाचन चांगलं. चित्रांवरची वाक्यं लिहिली, कसली ते लिहायचा कंटाळा. निकाल महिन्यानं.

बाहेर येऊन फोन चालू केला तर यिंगचा आवाजी मेसेज, चार मिनिटांचा. झाडाखाली उभी राहून ऐकला. सुरुवातीला नेहमीसारखं बोलली: आज सगळे पाहुणे गेले, घर मोठं वाटतंय. मग मधेच बोलणं बदललं. सूर वेगळे, शब्द वेगळे. तिच्या गावाकडची बोली असणार. माझ्याशी ती कायम पुस्तकातलंच बोलत आलेली, मीही तिच्याशी तसलंच. हे कधी ऐकलंच नव्हतं. पापा कळलं. एकदा माझं नाव, 'मानचू', ती मंजूचं करते तसं. बाकी काहीच नाही. एकदा बहुतेक हसली.

ज्योतीताई न्यायला आली होती. "काय म्हणून राहिली?"

"माहीत न्हाई."

"अन् एवढी परीक्षा देऊन आलीस ना! मंग विचार की तिला."

विचारावं का? की तिला कळलंच नसेल, आपण गावच्या बोलीत बोललो ते? की मुद्दाम?

उत्तर अजून दिलेलं नाही. चौथ्यांदा ऐकतेय.