क्रमांक चौदाचे रक्त पळणाऱ्यांत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
व्यायाम व रक्त तपासणी प्रकल्प,
शारीरिक शिक्षण विभाग, केडगाव, जि. अहिल्यानगर

विषय : 'न पळणाऱ्या' गटातील क्र. १४ ची नोंद न वगळता 'पळणाऱ्या' गटात घेणेबाबत.
संदर्भ : आपल्या फलकावरील रक्त अहवाल व त्यावरील आपला शेरा.

महोदय,

१. मिनिटभर जीव तोडून पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे आठ फेरे केल्याने रक्तात काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी आपण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वीस मुली घेतल्या. सदर अर्जदार आणि तिची मैत्रीण पंकजा यांना चिठ्ठी आली 'न पळण्याची'. बारा आठवडे पळू नका, मग तुम्हालाही शिकवू, असे आपण म्हणालात. स्टँडवर पंकजाने अर्जदाराच्या डोक्यावर हात ठेवला. "शपथ हाय, आपुन दोघी बी न्हाई पळायचं."

२. अर्जदार पळाली नाही. समोरून एसटी सुटली तरी ती चालतच गेली, त्यात एक पेपर बुडाला. म्हैस दावे तोडून गेली, तिच्यामागेही चालत गेली. म्हैस शेजाऱ्याच्या मक्यात पोचली आणि आईने अर्जदाराची पार लाज काढली.

३. तेराव्या आठवड्यात भरती लागली. वयामुळे अर्जदाराची ही शेवटचीच संधी होती. आठशे मीटरमध्ये पंकजा पास होऊन भरती झाली, अर्जदार मैदानाच्या कडेला ओकत बसली. नशीब म्हणून सोडून दिले. पंकजाचे पेढे गल्लीत तिनेच वाटले.

४. नंतर अहवाल लागला. आमच्या गटात नऊजणींचे रक्त होते तसेच. क्र. १४ चे मात्र पळणाऱ्यांसारखे पातळ झालेले. त्यावर आपला शेरा, 'यंत्राची चूक, वगळावे.' महोदय, यंत्राची काही चूक नाही. १४ नंबरला सुईची भीती वाटते, म्हणून रक्त देताना तिचा हात अर्जदारानेच धरला होता. ती पंकजा आहे. अर्जदाराने तिला घरी जाऊन विचारले. ती खाली बघत म्हणाली, "तू खरंच न्हाई पळालीस व्हय?"

पंकजाची नोकरी जावी असे तिचे मुळीच म्हणणे नाही. फक्त ती नोंद खोडू नये, पळणाऱ्यांत घ्यावी. खोडली तर दोघीही पळाल्या नव्हत्या असेच राहील, आणि अर्जदार नुसतीच कमी पडली असे होईल.

आपली, सांगितले तसे वागलेली,
विजयमाला भिमाजी गदादे
(क्र. १३)
रा. मिरजगाव, ता. कर्जत
दि. १८ जून