परसात गिधाडं उतरवण्याचा माझा प्रयोग

२ डिसेंबर १९२८, रविवार. नागाव.
आजपासून सायंटिफिक जीवन सुरू. मुंबईला गोदीत बावीस वर्षं कारकुनी केली ती पोटासाठी. रिटायर होऊन गावी आलो तो निसर्गासाठी, हे आता कळलं.

काल अलिबागेत पक्ष्यांचा शौक असलेले एक साहेब भेटले. इंग्रजी मासिकात लेख लिहितात. म्हटलं, माझ्या वाडीत उंच माडावर गिधाडांचं घरटं आहे, आणि मेलेल्या जनावरावर ती माझ्या परसात उतरतात. खुर्चीत बसून पाहावीत. साहेबांनी लगेच तारीख लिहिली. १३ जानेवारी. लेखात माझं नाव येणार. मिस्टर अंबाजी.

गिधाडं परसात आजवर उतरलेली नाहीत. पण सहा आठवडे हातात आहेत.

५ डिसेंबर. सकाळी ७.
थिअरी: गिधाड येणार हे कोंबड्यांना आधी कळतं. सौ.च्या तेरा कोंबड्या आहेत. त्यांचे आवाज नोंदायला घेतले. नंबर एक, कुर्र कुर्र: समाधान. नंबर दोन, पक् पक् पकाऽक: अंडं. नंबर तीन, एकदम कॅऽऽ: गिधाड. नंबर तीन झाला तेव्हा वर पाहिलं, खरंच एक गिधाड घिरट्या घालत होतं. थिअरी सिद्ध.

सौ. म्हणाली, मुंगूस पिल्लू घेऊन गेलं, तुमच्या पायाजवळून. तिला सायन्स कळत नाही.

११ डिसेंबर.
गावात एकही जनावर मरत नाही. हवा फार चांगली पडली आहे. शेजारच्या गुणाजीच्या म्हशीची चौकशी केली. ठणठणीत. त्याने विचारलं, अंबाजीराव, माझ्या म्हशीची खुशाली रोज रोज का पुसता? माणसं हल्ली फार संशयी झाली आहेत.

१६ डिसेंबर.
तांबू बसली, उठेना. तांबू म्हणजे आमची गाय. सौ.ला लग्नात माहेराहून, रेवदंड्याहून, जी गाय आंदण मिळाली तिची वासरी, सौ.ने हाताने वाढवलेली. आता अठरा वर्षांची झाली. फार वाईट वाटलं. नंतर कॅलेंडर पाहिलं. जरा बरं वाटलं.

१९ डिसेंबर.
सौ. दिवसभर तांबूपाशी. गरम तेल चोळते, पेज पाजते, बोलत बसते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझ्याशी एवढी बोलली नाही. संध्याकाळी तांबू चारी पायांवर उभी राहिली. सौ. रडली. मलाही रडू येत होतं, पण कारण निराळं होतं.

२७ डिसेंबर.
तांबू पुन्हा बसली. सौ. म्हणते, अलिबागेहून गुरांचा डॉक्टर आणा. ताबडतोब चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी कोटाच्या खिशात आहे. म्हाताऱ्या जनावराला सुया टोचणं म्हणजे क्रूरपणा. सौ.ला सांगितलं, डॉक्टर पालीकडे गेलेत, आले की येतील.

पेंढा थोडा कमी केला. पोट हलकं राहिलेलं बरं.

३ जानेवारी १९२९.
पेंढा आणखी कमी केला. तांबू माझ्याकडे बघते. मी नोटबुक घेऊन दुसरीकडे बसलो.

९ जानेवारी, बुधवार.
तांबू पहाटे गेली. परसातच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, याची इथे नोंद असावी. चार दिवस लवकर झालं, पण चालेल.

सौ. जेवली नाही. दुपारी तिने माझा कोट धुवायला काढला. चिठ्ठी सापडली. तिला वाचता येतं. दुर्दैवाने मीच शिकवलं. चिठ्ठी माझ्या पानाशेजारी ठेवली आणि आत गेली. तेव्हापासून एक शब्द नाही. अभ्यासाला शांतता हवीच होती.

संध्याकाळी महारवाड्यातल्या बुधाजीला बोलावलं. तांबू वीस पावलं सरकवायची होती, उजेडात. तो कुंपणाबाहेरूनच म्हणाला, महाडच्या सभेपासून आमी मेली ढोरं वढीत न्हाय, तुमाला ठावं हाय. मी म्हटलं, हे सायन्सचं काम आहे. तो म्हणाला, मंग तुमीच वढा. जाताना वर सांगून गेला की माडांखाली गिधाड उतरत न्हाय, परत उडायला मोकळं रान लागतं त्याला. मी हसलो. गिधाडांबद्दल मला शिकवतो.

आठ दिवसांत ही माणसं कामाला येतील आपणहून, असं सगळा गाव म्हणतो. दोन वर्षं होत आली, गाव म्हणतोच आहे.

११ जानेवारी.
झावळ्यांची लपण बांधली. आत बसून निरीक्षण. गिधाडं वर, घरट्यापाशी: दोन. आकाशात: सात. खाली: शून्य. वास: भरपूर. गुणाजी नाकाला पंचा लावून आला. पंच बसवीन म्हणाला. म्हटलं, साहेब येताहेत. तो गेला, वास राहिला.

१३ जानेवारी, रविवार.
साहेब आले. सौ.ने न बोलता ऑम्लेट केलं, साहेबांनी मागून घेऊन दुसरं खाल्लं. मग दोघं लपणीत बसलो. साडेआठला बाहेर आवाज सुरू झाला. नंबर एक, कुर्र कुर्र, पण सगळ्या कळपाचा मिळून. इतका तृप्त आवाज मी कधी ऐकला नव्हता. साहेबांच्या कानात म्हटलं, गिधाडं उतरली. झावळी बाजूला केली.

तांबूवर आमच्या तेरा कोंबड्या होत्या. किडे वेचत होत्या. कालपासून वेचत असाव्यात. साहेबांना ऑम्लेट आठवलं. ते घाईने कुंपणाकडे गेले.

परत आले ते रस्त्याने चाललेल्या बुधाजीला घेऊन. मला दुभाषी व्हावं लागलं. बुधाजीने सांगितलं, वाळूवर न्या, तासाभरात येतील, पयला कावळा, मंग घार, मंग ती. कुठल्या डोंगरावरून येतील तेही बोटाने दाखवलं. मी दाखवीन, पण हात लावनार न्हाय, म्हणाला. मग ते दोघं माझ्याकडे पाहू लागले.

मी दोर घेतला. सायन्ससाठी, एकदाच.

मागच्या दारापासून वाळू दोनशे पावलं. झावळ्या अंथरून ओढत नेलं. दोन तास लागले. तांबू हलकी झाली होती म्हणून जमलं, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. अख्खा गाव कुंपणाशी उभा. सौ. दारात. दोर खांद्यावर असताना साहेबांनी माझा फोटो घेतला!

गिधाडं आली म्हणे. चौसष्ट. साहेब आणि बुधाजी यांनी मोजली. मी वाळूवर उताणा पडलो होतो, मान वळत नव्हती.

२० जानेवारी.
कंबर धरली आहे. आमची अंडी कुणी घेत नाही. पाणवठ्यावर मला बाजूला थांबवतात, त्यात गुणाजीच पुढे असतो. पंच म्हणाले, प्रायश्चित्त घ्या. मी म्हटलं, आधी मासिक येऊ द्या, मग तुम्हीच हार घेऊन याल.

१० एप्रिल, बुधवार.
मासिक आलं! वेष्टन फोडलं नाही. गाव देवळापुढे जमवला, शाळेच्या मास्तरांना मराठी करून मोठ्याने वाचायला सांगितलं. पंचांना पुढे बसवलं.

मास्तरांनी वाचलं: नागावचे श्रीयुत बुधाजी यांच्याइतकं गिधाडांचं ज्ञान या किनाऱ्यावर मला कुणापाशी आढळलं नाही. दोन पानं बुधाजी. मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे फोटो होता. पानभर. दोर, तांबू आणि मी. चेहरा फारच स्वच्छ आला आहे.

खालची ओळ मास्तर वाचेनात. मीच आग्रह केला. त्यांनी वाचली: गावातली मेलेली गुरं ओढून नेणारा इसम.

नाव नाही.

११ एप्रिल. सकाळी ६.
संपादकांना कडक पत्र लिहायला बसलो होतो. अंगणात गुणाजी आला. उंबऱ्यापासून चार हात लांब उभा राहिला. त्याची म्हैस पहाटे मेली. त्याने मला हाक मारली नाही, सौ.ला विचारलं, हायत का?

तीन महिन्यांत सौ. पहिल्यांदा बोलली. म्हणाली, घरातच हायत, घेऊन जा.